प्रोस्टेटचे ऑपरेशन : करावे की थांबावे?

गेल्या पावसाळ्यात एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन गृहस्थ दवाखान्यात आले. दोघांचीही वये सत्तरीच्या आसपास आणि तक्रारी जवळजवळ शब्दशः सारख्या. लघवीला वरचेवर जावे लागते, सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक झाली आहे, झाल्यावरही थेंब थेंब येत राहते आणि रात्री चार वेळा उठावे लागते. दोघांच्याही हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. दोघांचीही प्रोस्टेट ग्रंथी पन्नास ग्रॅमच्या घरात गेलेली. पुढे एकाचे ऑपरेशन झाले. दुसऱ्यांना मी साधी गोळीही दिली नाही. ते पाहून आमचा कंपाउंडर मला म्हणाला, "डॉक्टर, एकाच दुखण्याला दोन न्याय कसे?"

प्रश्न रास्त होता. उतारवयातल्या पुरुषांच्या या दुखण्याबद्दल लोकांच्या मनात जो गोंधळ आहे, त्याचे मूळ या प्रश्नातच आहे. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

प्रोस्टेट ग्रंथी फक्त पुरुषांनाच असते. मूत्राशयाच्या अगदी खाली, मूत्रमार्गाला वेढून ती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा आणि वजन वीस ग्रॅमच्या आसपास. वीर्यातला काही द्रव तयार करणे हे तिचे काम. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. पन्नाशीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्या बहुतेक सर्वांत ही वाढ दिसते. केस पिकतात तशीच ही गोष्ट. पण ही ग्रंथी रस्त्याच्या मधोमध असल्यामुळे ती वाढली की मूत्रमार्गावर दाब येतो. मूत्राशयाला जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाड होते, ते चिडखोर होते आणि थोडी लघवी साठली तरी "चला, उठा" म्हणून हाका मारू लागते.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. पहिली, ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतर होत नाही. प्रोस्टेटचा कर्करोग हे वेगळे दुखणे आहे. ते त्याच ग्रंथीत, बहुधा तिच्या बाहेरच्या भागात सुरू होते आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात, म्हणून त्याची तपासणी वेगळी करावी लागते. दुसरी, ग्रंथीचा आकार आणि माणसाचा त्रास यांचे गणित जुळत नाही. ऐंशी ग्रॅमची ग्रंथी घेऊन आरामात फिरणारे गृहस्थ मी पाहिले आहेत आणि तीस ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी तुंबून आलेलेही पाहिले आहेत. सोनोग्राफीचा कागद हातात पडताच "एवढी वाढली, आता काढावीच लागेल" असे घाबरून जाण्याचे कारण नाही.

आठवा प्रश्न

अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली एक साधी प्रश्नावली तयार केली. आज ती जगभर वापरली जाते. गेल्या महिनाभरात लघवी पूर्ण झाली नाही असे किती वेळा वाटले, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले का, धार थांबून थांबून आली का, रोखून धरणे कठीण गेले का, धार बारीक होती का, कुंथावे लागले का आणि रात्री किती वेळा उठलात, असे सात प्रश्न त्यात आहेत. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि वीस ते पस्तीस तीव्र. कागद आणि पेन घेऊन घरी बसूनही हे करता येते. मी रुग्णाला बाहेर बाकावर बसवून नातवाकडून भरून घेतो.

पण या सातांच्या शेवटी आठवा प्रश्न आहे आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच. त्याचा आशय असा की, तुमची लघवीची स्थिती आज आहे तशीच उरलेले आयुष्यभर राहिली, तर तुम्हाला कसे वाटेल?

त्या सकाळी आलेले पहिले गृहस्थ निवृत्त शिक्षक. आपण त्यांना गुरुजी म्हणू. या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग जे सांगितले ते त्यांच्या पत्नीलाही नवे होते. तीस वर्षे ते भजनी मंडळात पेटी वाजवत. दोन वर्षांपासून जाणे बंद, कारण मधून उठून जायची लाज वाटते. बहिणीच्या नातीच्या लग्नाला गेले नाहीत, कारण एस.टी.चा चार तासांचा प्रवास. लोकांना सांगितले, गुडघे दुखतात. कुठे जायचे असले की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. रात्रीची झोप तुकड्या-तुकड्यांनी, त्यामुळे दिवसा चिडचिड. मुलगा आणि सून म्हणत, वय झाले, स्वभाव बिघडला. स्वभाव नव्हे, मूत्राशय बिघडले होते. तीन महिने गोळ्या घेऊनही फारसा फरक पडला नाही, तेव्हा ऑपरेशनचा निर्णय त्यांनीच घेतला. माझ्याकडून त्यांना फक्त माहिती हवी होती.

दुसरे गृहस्थ शेतकरी. आपण त्यांना अण्णा म्हणू. त्यांना हाच प्रश्न विचारला तर ते हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रात्री उठतो ते बरंच आहे की. लाइट रात्रीचीच असते. उठलो की बॅटरी घेऊन मोटारीवर एक चक्कर मारून येतो, दारं मोडतो आणि परत येऊन झोपतो." दिवसभर शेतात असल्याने आडोशाची अडचण नाही. त्यांना फक्त एक भीती होती, आत काही वाईट तर नाही ना? तपासणीत तसे काही नव्हते. लघवी झाल्यावर मूत्राशयात मागे राहणारी लघवी थोडी होती, रक्तातले क्रिएटिनिन ठीक होते. ते ऐकून ते उठले आणि खतांच्या दुकानाकडे गेले. अशा माणसाच्या हातात मी ऑपरेशनची चिठ्ठी का द्यावी?

हे माझे घरगुती तत्त्वज्ञान नाही. १९९५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. मध्यम त्रास असलेल्या ५५६ अमेरिकन माजी सैनिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचे दुर्बिणीतून ऑपरेशन केले, दुसऱ्याला नुसते देखरेखीखाली ठेवले. तीन वर्षांत लघवी तुंबणे, त्रास फार वाढणे अशा अर्थाने उपाय फसल्याचे प्रमाण ऑपरेशनच्या गटात सुमारे आठ टक्के, तर थांबलेल्यांत सतरा टक्के होते. म्हणजे ऑपरेशन सरस ठरले यात शंका नाही. पण थांबलेल्यांपैकी तीन वर्षांत ऑपरेशनपर्यंत गेले ते चोवीस टक्के. बाकीच्यांना त्या काळात तरी गरज पडली नाही. आणि ज्यांना सुरुवातीला त्रासाचा जाच सर्वांत जास्त वाटत होता, त्यांनाच ऑपरेशनचा फायदा सर्वांत जास्त झाला. ज्याला फारसे टोचत नाही, त्याचा काटा काढून त्याला फारसे सुख मिळत नाही.

जिथे थांबायचे नसते

आता उलट बाजू. ती न सांगता लेख संपवला तर अण्णांचे उदाहरण घेऊन लोक घरी बसतील.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आजोबांना घेऊन आला. तक्रार अशी की, आजोबा रात्री अंथरूण ओले करतात. घरातल्यांनी ते म्हातारपणाचेच लक्षण धरले होते. आजोबा ओले धोतर पहाटे सगळ्यांच्या आधी उठून स्वतः धूत होते आणि मागच्या दारी वाळत घालत होते. सहा महिने हे चालले होते. दुखत काहीच नव्हते. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत गोळा लागला. तो गोळा म्हणजे तुडुंब भरलेले मूत्राशय होते. माठ भरून वाहावा तशी वरची लघवी झोपेत वाहत होती आणि आतला साठा मूत्रपिंडांवर दाब आणत होता. नळी घातली तेव्हा दीड लिटरहून जास्त लघवी निघाली. क्रिएटिनिन सहाच्या वर गेले होते. इथे आठवा प्रश्न विचारायचाच नसतो. नळी ठेवून मूत्रपिंडे सावरू दिली, नंतर ऑपरेशन झाले. मूत्रपिंडे बरीच सुधारली, पण पूर्ववत झाली नाहीत. उतारवयात अंथरूण ओले होऊ लागले तर ते म्हातारपण समजू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना पोट दाखवा.

तसेच नळी काढली की पुन्हा लघवी तुंबणे, मूत्राशयात खडे होणे, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होऊन थंडी वाजून ताप येणे, किंवा वाढलेल्या ग्रंथीतून वारंवार रक्त येणे, या परिस्थितीत ऑपरेशन लांबवण्यात शहाणपण नाही. लघवीतून एकदा जरी रक्त गेले तरी तपासणी हवीच, कारण त्याचे कारण प्रोस्टेटच असेल असे नाही. तंबाखू-विडी ओढणाऱ्यांनी तर मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका आधी दूर करून घ्यावी.

एकदम लघवी तुंबणे हा मात्र वेगळा प्रसंग आणि त्याबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. १९९८ सालच्या थंडीत एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना मी सर्दीच्या गोळ्या दिल्या. लघवीबद्दल विचारले नाही. रात्री दोन वाजता त्यांना जीपमधून आणले. पोट टम्म, कपाळावर घाम, बसवेना की झोपवेना. नळी घातल्यावर आठशे मिलिलिटर लघवी निघाली आणि ते गृहस्थ मलाच हात जोडू लागले. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत असे घटक असतात, की ते मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतात किंवा मूत्राशयाचे आकुंचन ढिले करतात. ज्याची धार आधीच बारीक आहे, त्याला तेवढे निमित्त पुरते. त्या रात्रीपासून साठीच्या वरच्या पुरुषाला सर्दीची गोळी देण्यापूर्वी मी धारेची चौकशी करतो. मेडिकलमधून परस्पर गोळी आणणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. बद्धकोष्ठ, दारू आणि लांबच्या प्रवासात तासन् तास लघवी दाबून ठेवणे, ही आणखी निमित्ते. आणि एकदा तुंबली म्हणजे ऑपरेशन ठरलेच असेही नाही. नळी ठेवून दोन-तीन दिवस गोळ्या देतात आणि मग नळी काढून पाहतात. बऱ्याच जणांना त्यानंतर आपोआप होऊ लागते.

प्रत्येक वेळी प्रोस्टेटच दोषी नसते

रात्री उठावे लागते म्हणजे प्रोस्टेट, असे समीकरण लोकांच्या डोक्यात बसले आहे. मी रुग्णाला तीन दिवस एक वही ठेवायला सांगतो. प्लॅस्टिकचे मापाचे भांडे घ्यायचे आणि किती वाजता किती झाली ते लिहायचे. चोवीस तासांच्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्री होत असेल, तर दोष खालच्या ग्रंथीत नसून वरच्या कारखान्यात आहे. दिवसभर पायांना आलेली सूज आडवे झाल्यावर रक्तात उतरते आणि लघवीवाटे बाहेर पडते. त्यामागे हृदयाचा अशक्तपणा असू शकतो. मधुमेह असू शकतो. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूसही रात्री वरचेवर उठतो. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी कोणी संध्याकाळी घेत असतो. एकजण तर 'तब्येतीला चांगले' म्हणून झोपताना तांब्याभर पाणी पीत आणि पहाटे चारला उठून पुन्हा तांब्याभर. त्यांच्यासाठी औषध म्हणजे तो तांब्या सकाळी उजाडल्यावर आणि दुपारी रिकामा करणे.

पण पाणी अजिबात तोडू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तोडले की लघवी दाट होते, जळजळते आणि खडे व्हायला वाव मिळतो. दिवसभर प्या, संध्याकाळी सातनंतर कमी करा, रात्रीचा चहा सोडा. घाई न करता, हवे तर बसून लघवी करा. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. रात्रीच्या वाटेवर दिवा ठेवा, ओली फरशी नको. संडास अंगणापलीकडे असेल तर खाटेखाली भांडे ठेवण्यात कमीपणा नाही. प्रोस्टेटने मरणारे थोडे, पण तिच्यापायी रात्री उठून, अंधारात घसरून खुब्याचे हाड मोडून घेणारे मी बरेच पाहिले आहेत.

गोळ्यांचे दोन प्रकार आहेत. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या गोळ्या ग्रंथीतले स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत कळतो. काहींना उठताना चक्कर येते, म्हणून त्या रात्री घ्याव्यात आणि सकाळी अंथरुणात क्षणभर बसून मग उभे राहावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे असेल तर ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेत होतो, हे नेत्रतज्ज्ञांना आठवणीने सांगा. बुबुळ ढिले पडून ऑपरेशन अवघड होते. आधी माहीत असले तर ते तशी तयारी ठेवतात. दुसऱ्या प्रकारात फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड. या ग्रंथीला आक्रसवतात, पण सहा महिने धीर धरावा लागतो आणि मोठ्या ग्रंथीलाच त्यांचा उपयोग. त्यांनी काहींची कामेच्छा कमी होते आणि रक्तातला पी.एस.ए.चा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला गोळीची माहिती हवी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत दोन्ही प्रकार एकत्र दिल्याने दुखणे पुढे सरकण्याचा धोका दोन तृतीयांशाने कमी झाला. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर ज्या चमत्कारिक पुड्यांच्या जाहिराती येतात, त्यांच्याबद्दल मी लिहीत नाही. संपादक माझे स्नेही आहेत.

पूर्वी हे ऑपरेशन पोट उघडून करीत. पीटर फ्रेयर नावाचा आयरिश सर्जन हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत होता. निवृत्तीनंतर त्याने लंडनमध्ये ते नावारूपाला आणले आणि १९०१ साली त्यावर लिहिले. आज बहुतेकांचे काम दुर्बिणीतून होते. कमरेत इंजेक्शन देऊन मूत्रमार्गातून आत जाऊन ग्रंथी आतून कोरतात. टाका नाही. साधारण तासाभराचे काम, एक ते तीन दिवस नळी, दोन-चार दिवसांत घरी. लेसरने रक्तस्राव कमी होतो, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना त्याचा फायदा आहे. लघवी सुधारण्याच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरक नाही. मात्र या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट घातलेल्या माणसाने तसे केल्यास जिवावर बेतते.

ऑपरेशनच्या आधी विचारायला माणसे लाजतात आणि सांगायला डॉक्टर विसरतात, अशी एक गोष्ट आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि लघवीवाटे निघून जाते. त्याने अपाय काही नाही. ताठरता बहुतेकांची होती तशीच राहते. पण हे आधी माहीत नसले तर माणूस मनातून खचतो. एक गृहस्थ ऑपरेशननंतर वर्षभर 'आपले पुरुषत्व गेले' असे समजून पत्नीशी नीट बोलत नव्हते. सत्तरीच्या माणसाला हे विचारायची गरज नाही असे समजणारा डॉक्टर मला तरी चुकलेला वाटतो.

आणखी थोडे. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांच्या सुमारास खपली निघून लघवी पुन्हा लाल होऊ शकते. पाणी वाढवावे, गाठी पडू लागल्या तर दाखवावे. महिनाभर ओझे, मोटारसायकल आणि शौचाला कुंथणे टाळावे. आत ग्रंथीची साल शिल्लक असते, म्हणून पुढेही कर्करोगाची तपासणी डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवावी. धार लगेच सुधारते, घाई हळूहळू कमी होते आणि रात्रीचे उठणे सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी सुधारते. केवळ त्याचसाठी ऑपरेशन करणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो. खर्चाचे म्हणाल तर सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना २०२४ सालापासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे. हे ऑपरेशन आणि ते रुग्णालय योजनेत बसते का, ते आधी तिथल्या मदत कक्षात विचारून घ्यावे.

थांबणाऱ्याने मात्र नुसते थांबायचे नाही. वर्षातून एकदा मागे राहणारी लघवी सोनोग्राफीत मोजून, क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यायची. एक विचार मलाही सतावतो. सत्तरीला धडधाकट असताना टाळलेले ऑपरेशन ब्याऐंशीला, हृदय थकलेले असताना करायची पाळी आली तर? याचे छापील उत्तर नाही. अण्णांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "ऊस तुटून जाऊ दे, मग बघू." ऊस तुटून गेला, आता खोडवा उभा आहे. दिवाळीनंतर तपासणीला आले तेव्हा आकडे तेच होते.

गुरुजी ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी आले. रात्री अजून दोनदा उठतात. एकादशीला पेटीवर सलग दोन तास बसलो, असे त्यांनी मला सांगितले आणि पत्नीने लगेच दुरुस्ती केली, "सव्वादोन."